मंडईतून ताजी भाजी आणून रात्रीचं साधं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीच्या जेवणाचे प्रश्न सतत येत असतात, बरेचसे तेच तेच, म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून काढले. मी पुण्यातली, त्यामुळे भाज्यांची नावं आणि बाजाराच्या पद्धती मुख्यतः इकडच्या आहेत, पण मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या लोकांनाही फार परकं वाटणार नाही. प्रमाणं चार माणसांची आहेत, वेगळं असेल तिथे तसं लिहिलंय.

१. रोज संध्याकाळी काय करायचं तेच सुचत नाही. आधी ठरवून बाजारात जायचं की बाजारात जाऊन ठरवायचं?

बाजारात जाऊन. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण बाकीचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात. घरून "आज फ्लॉवर" असं ठरवून निघालात की फ्लॉवर मलूल असला तरी तोच घेऊन येता आणि शेजारी चाकवताची कोवळी जुडी पडलेली असते तिच्याकडे लक्षच जात नाही. ठरवायचं ते एवढंच की घरात आज भात होणार की भाकरी-पोळी. भात असेल तर पातळ भाजी शोधा, भाकरी असेल तर सुकी किंवा पीठ पेरलेली. एक भाजी, एक कच्चं काहीतरी (काकडी, मुळा, गाजर, कांदा) आणि तोंडाला चव आणणारं काहीतरी, म्हणजे लिंबू, ठेचा नाहीतर लोणचं. झालं जेवण. दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर असा पूर्ण घाट रोज रात्री घालायची गरज नाही, एकच भाजी पण ताजी आणि नीट केलेली असली की कोणी तक्रार करत नाही.

२. मंडई, आठवडी बाजार, दारावरची गाडी की ॲप? कुठून घ्यावी?

पालेभाजी हाताळून घेता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. कांदे-बटाटे कुठूनही चालतात. पुण्यात शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई, १८८६ साली सुरू झालेली, तेव्हाचं नाव रे मार्केट, तिच्या दगडी इमारतीत गाळे आहेत पण मला स्वतःला बाहेर बसणाऱ्या बायकांकडची पालेभाजी जास्त आवडते, कारण त्या थोडाच माल आणतात आणि तो त्याच दिवशी संपवतात. गुलटेकडीचं मार्केटयार्ड हे घाऊक, तिथे पहाटे गेलात आणि तीन-चार घरांनी मिळून घेतलंत तरच फायदा. राज्य सरकारनं २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, त्यामुळे शेतकरी थेट विकायला बसतात असे आठवडी बाजार आता बऱ्याच सोसायट्यांच्या जवळ भरतात. तिथे "ही कधी काढली?" असं सरळ विचारा. ज्यानं स्वतः काढलीय तो लगेच सांगतो, कालची असेल तर कालची म्हणून सांगतो.

दारावरची गाडी वाईट नसते, फक्त दुपारी उन्हातून फिरून आलेली पालेभाजी संध्याकाळी घेऊ नका.

३. ताजी भाजी ओळखायची कशी? मला सगळ्या सारख्याच दिसतात.

प्रत्येक भाजीची एक खूण असते, ती एकदा हाताला कळली की मग विचार करावा लागत नाही.

भेंडीचं टोक वाकवून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. (सगळ्या भेंड्यांची टोकं मोडत बसू नका हो, विकणाऱ्याचा माल खराब होतो, एखाद-दुसरी बघितली की पुरे.) गवारही मोडून बघायची, शिरा निघाल्या तर सोडून द्या. दुधीला नख लागलं पाहिजे आणि साल तुकतुकीत हवी. वांगं आकाराच्या मानानं हलकं हवं, जड वांग्यात बिया जास्त असतात, देठ हिरवा हवा, सुकलेला नको आणि छोटंसं भोक दिसलं तर आत कीड आहे असं समजा. दोडक्याच्या शिरा टणक हव्यात पण दोडका हलकेच वाकला पाहिजे. मटाराच्या शेंगा हिरव्यागार आणि भरलेल्या, पण इतक्या फुगलेल्या नकोत की दाणे एकमेकांना चिकटून चौकोनी झालेत, ते पिठूळ लागतात.

पालेभाजीची जुडी नेहमी उलटी करून मुळांकडून आणि मधून बघा. वरची पानं पाण्याच्या शिंपडण्यानं टवटवीत दिसतात, खरं काय ते मध्ये कळतं, मध्ये गरम लागली किंवा काळपट-चिकट पानं दिसली की ठेवून द्या. शेपू आणि कोथिंबीर वासावर घ्या. मेथीची पानं लहान आणि दांडे बारीक असलेली घ्यावी. आणि पालकाला फुलाचा तुरा आला असेल तर तो जून झालाय.

४. चार माणसांना किती घ्यायची?

मेथी, पालक, चाकवत यांची बऱ्यापैकी मोठी एक जुडी, लहान असतील तर दोन, कारण शिजून अगदी मूठभर होते. पीठ पेरणार किंवा डाळ घालणार असाल तर एक पुरते. फळभाजी अर्धा किलो. कोशिंबिरीला दोन काकड्या. वाट्यावर विकत असतील तर एक वाटा साधारण एका वेळच्या भाजीचा असतो.

५. घासाघीस करावी का?

पाव किलोच्या आणि जुडीच्या खरेदीत मी करत नाही. जुडी उन्हातून-पावसातून आणून, बांधून, पाणी मारत दिवसभर सांभाळलेली असते. भाव पटला नाही तर पुढच्या मावशींकडे जावं, "कशी दिली जुडी?" एवढं विचारून. नेहमीच्या एकाच ठिकाणी घेतलं की चांगली जुडी आतून काढून देतात आणि मिरची-कोथिंबीर वरून मिळते ते वेगळंच. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा, किंवा क्यूआर कोड आहे का ते आधी बघा. बाजार उठायच्या वेळी पालेभाजीचा भाव आपोआप उतरतो, पण ती त्याच रात्री करायची असेल तरच घ्या.

६. सातला घरी पोचते, साडेआठला सगळ्यांना भूक लागते. कुठल्या क्रमानं करू?

आल्या आल्या तांदूळ-डाळ धुवून ठेवायची, हात-पाय नंतर धुतले तरी चालतील (हात आधी धुवा अर्थात). खिचडी करत असाल तर एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, मऊ हवी तर पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, जिऱ्याची फोडणी आणि कुकरला तीन शिट्ट्या. वरण-भात असेल तर डबे लावून कुकर चढवा. कुकर होऊन निवेपर्यंत अर्धा तास जातो, त्याच अर्ध्या तासात भाजी निवडून, धुवून, चिरून होते, तेव्हा निवडायला घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बसवा, मुलं मटार आणि मेथी आनंदानं निवडतात. मग कढई तापवायची, भाजी दहा-पंधरा मिनिटांत होते. भाजी वाफेवर असताना कोशिंबीर कालवायची, पण मीठ ताटं घेताना घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

ज्या दिवशी खरंच उशीर झाला त्या दिवशी पिठलं. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, भरपूर लसूण, मिरची आणि कांदा परता, पीठ ओता, सतत ढवळा, घट्ट व्हायला लागलं की मीठ, कोथिंबीर आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. वाफ नीट आली नाही तर पीठ कच्चट लागतं, तिथे घाई नको. सोबत बाजारातून आणलेला कोवळा मुळा किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून घ्या, ताजेपणाची जी काय गरज असते ती भागते.

७. पालेभाजीत माती राहते, दाताखाली कचकच लागते. काय चुकतं?

आधी चिरून मग धुणं, किंवा चाळणीत नळाखाली धरणं, ही दोन कारणं. आधी निवडा, मग मोठ्या पातेल्यात किंवा घमेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात बुडवून हलवा, दोन मिनिटं स्थिर राहू द्या म्हणजे माती तळाला बसते, आणि मग पानं हातानं वर उचलून घ्या. पाणी पानांसकट ओतलं की तळाची माती परत पानांवर बसते. तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला, पावसाळ्यात तीन-चार पाणी लागतं. चिरायचं शेवटी. फ्लॉवर-कोबीसाठी कोमट मिठाचं पाणी, दहा-पंधरा मिनिटं, अळ्या असतील तर वर येतात.

८. पालेभाज्या नेहमी एकाच चवीच्या होतात. वेगळं काय करू?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे त्यामुळे जरा लांब लिहिते. पालेभाजी करायच्या आपल्याकडे निदान चार तऱ्हा आहेत आणि कुठल्या पानाला कुठली शोभते हे कळलं की चव आपोआप वेगळी होते.

नुसती परतून: तांदुळजा, लाल माठ, राजगिरा. तेलात लसूण लालसर करा, सुकी किंवा हिरवी मिरची, मग चिरलेली भाजी. झाकण नको, रंग जातो. मीठ भाजी खाली बसल्यावर घाला, कारण कढईभर पानं बघून आपण मीठ टाकतो आणि नंतर ती एवढीशी होऊन खारट होते. वरून ओलं खोबरं घालायचं तर घाला.

डाळ घालून: मेथी आणि शेपू. मूगडाळ अर्धा तास भिजवलेली, मूठभर, फोडणीत आधी डाळ परतून पाण्याचा हबका मारून अर्धवट शिजवायची, मग भाजी. शेपू ज्यांना आवडत नाही त्यांना अशी करून द्या, लसूण सढळ हातानं घाला, उग्रपणा बराच कमी होतो.

पीठ पेरून: कांद्याची पात, मुळ्याचा पाला, मेथीसुद्धा. भाजी परतून तिच्या अंगचं पाणी असतानाच वरून अर्धी वाटी बेसन भुरभुरवायचं, तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, मंद आचेवर झाकण ठेवून वाफ, मग उलथन्यानं मोकळं करायचं. भाकरीबरोबर याच्यापेक्षा चांगलं मला तरी काही वाटत नाही. आणि मुळ्याचा पाला बाजारात तोडून टाकायला देऊ नका, तो घरी आणा.

पातळ: चाकवत, पालक, चुका, आंबट चुक्यात थोडा पालक मिसळून. हरभरा डाळ आणि शेंगदाणे भिजवून भाजीबरोबर कुकरमध्ये शिजवायचे, घोटायचं, ताकात बेसन कालवून लावायचं, आणि वर लसणाची नाहीतर हिंग-मोहरी-मेथीदाण्याची फोडणी. चुका असेल तर ताक नको, तो मुळात आंबट, थोडा गूळ घाला. अंबाडीची गत वेगळी, ती आधी उकडून पाणी काढून टाकायची म्हणजे आंबटपणा सोसवेल इतका होतो, मग तूरडाळ आणि तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, आणि जेवताना वरून लसणाचं चरचरीत तेल. हे सगळं एका रात्रीत होणार नाही, अंबाडी रविवारी करा.

९. ताकातली भाजी फुटते, पाणी वेगळं नि चोथा वेगळा होतो.

ताकात बेसन आधी नीट कालवून घ्या (दोन वाट्या ताकाला दोन चमचे), ताक फ्रीजमधून थेट नको, भाजी उकळत असताना ओतू नका, गॅस बारीक करून ओता आणि उकळी येईपर्यंत एका हातानं ढवळत राहा. मीठ शेवटी. एकदा पीठ शिजून भाजी मिळून आली की मग फुटत नाही. फार आंबट ताक असेल तर लवकर फुटतं, त्यात थोडं पाणी घाला.

१०. भेंडी चिकट होते.

धुवून पूर्ण पुसून, कोरडी झाल्यावर चिरा, चिरल्यावर पाण्याचा थेंब नको. पसरट कढई, एका वेळी फार भाजी नको, झाकण नको, सतत हलवू नका. आमसूल किंवा लिंबू घातलं की तार तुटते. मीठ उतरवताना.

११. भाकरी येत नाही आणि पोळ्या लाटायची ताकद नसते. मग?

मग भात, त्यात कमीपणा काही नाही, कोकणात रात्री भातच असतो बऱ्याच घरांत. भाकरी शिकायची असेल तर बाजरीनं सुरुवात करू नका, ताज्या दळलेल्या ज्वारीच्या पिठानं करा. पीठ जुनं असेल तर चिकटपणा राहत नाही आणि भाकरी थापताना चिरते, तेव्हा कडकडीत गरम पाण्यात पीठ मळायचं आणि एका भाकरीपुरतंच मळून लगेच थापायची. शिजवलेली तयार भाकरी आता बऱ्याच गल्ल्यांत बचतगटाच्या बायकांकडे मिळते, ती आणून भाजी घरी ताजी केली तर छानच की.

१२. रात्री पालेभाजी आणि दही खाऊ नये म्हणतात, खरं का?

आयुर्वेदात रात्री दही वर्ज्य सांगितलंय, ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी कोशिंबीर दाण्याचं कूट आणि लिंबू घालून करावी, दह्याची अडचण संपते. पालेभाजीबद्दल, ज्यांना रात्री पोट जड होतं त्यांनी कमी खावी, शिजलेली पातळ भाजी परतलेलीपेक्षा हलकी जाते. निवडायची मात्र चांगल्या उजेडात, पानामागे अळी असते ती अंधुक दिव्यात दिसत नाही.

१३. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं नाही, वर मधूनच उपास. अशा वेळी बाजारातून काय आणू?

कांदा-लसणाची जागा हिंग, आलं, जिरं आणि ओलं खोबरं बऱ्यापैकी भरून काढतात. दुधी, पडवळ, दोडका, घोसाळं, लाल भोपळा या सगळ्या भाज्या श्रावण-भाद्रपदात भरपूर असतात आणि त्यांना मुळात लसूण लागतच नाही. भिजवलेली डाळ घालून पडवळ करा, दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ आणि सुकं खोबरं घालून कुरकुरीत परतलं की चटणी होते. वांगं पाळणारे बरेच लोक चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग खायला सुरुवात करतात, आणि तोवर थंडीतली चांगली वांगीही बाजारात आलेली असतात.

उपासाला बाजारात रताळी, सुरण, लाल भोपळा, काकडी बघा, काही घरांत राजगिऱ्याची पालेभाजी आणि भेंडीही चालते. तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. मोहरी, हळद, हिंग नाही. घराघराचे नियम वेगळे आहेत तेव्हा पाहुणे असतील तर आधी विचारा.

ऋषिपंचमीचे आणि भोगीचे तयार वाटे बाजारात आदल्या दिवशी मिळतात. भोगीची भाजी म्हणजे पावटा, वांगं, गाजर, हरभरा, बोरं असं सगळं एकत्र, तीळ-दाण्याचं कूट आणि सोबत बाजरीची भाकरी. एकाच कढईत रात्रीचं जेवण होतं ते, आणि फक्त भोगीलाच करायला पाहिजे असं काही नाही, डिसेंबर-जानेवारीत कधीही करा.

१४. पावसाळ्यात रानभाज्या दिसतात, घ्यायला भीती वाटते. अळूनं तर एकदा घसा खाजला.

ज्यांना भाजी ओळखता येते अशाच आदिवासी किंवा गावाकडच्या बायकांकडून घ्या आणि कशी करायची तेही त्यांनाच विचारा, त्या नीट सांगतात. टाकळ्याची कोवळी पानं पहिल्या पावसानंतरची घ्यायची. करटुली सगळ्यात सोपी, बिया जून असतील तर काढा, बाकी नेहमीसारखी परता. भारंगी कडसर असते, उकडून पिळून घ्या. शेवळं मात्र पहिल्यांदाच करत असाल तर कोणा जाणत्या माणसाबरोबर करा, ती खाजरी असतात आणि त्यांच्याबरोबर काकडं विकतात ती त्यासाठीच.

अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, त्यानं खाजतं. चिरताना हाताला तेल किंवा चिंच लावा, भाजीत चिंच किंवा आमसूल घाला आणि पूर्ण शिजवा, अर्धवट शिजलेलं अळू खाऊ नका. वडीचं अळू काळसर देठाचं, भाजीचं हिरव्या देठाचं. पातळ भाजीची बाकी रीत प्रश्न ८ मधल्यासारखी, फक्त ताक नाही, चिंच-गूळ.

१५. मी एकटाच राहतो. जुडी एकट्याला संपत नाही.

अर्धी जुडी आज परता, उरलेली निवडून न धुता ठेवा (प्रश्न १६) आणि उद्या खिचडीत घाला, किंवा थालीपिठात. मेथी, पालक, दुधी, गाजर, सगळं थालीपिठात जातं. बऱ्याच ठिकाणी सांगितलं तर अर्धी जुडीही देतात. शेजारच्याबरोबर वाटून घेतली तर उत्तम.

१६. आठवड्याची भाजी एकदम आणली तर कशी टिकवू?

पालेभाजी आठवड्याची आणूच नका, दोन दिवसांची फार तर. ठेवायची ती न धुता, पिवळी पानं काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून. कोथिंबिरीच्या मुळ्या कापून कापडासकट डब्यात ठेवा. टोमॅटो, कांदे, बटाटे बाहेर, आणि कांदे-बटाटे एकमेकांपासून लांब. हिरवा पडलेला बटाटा खाऊ नका. आधी पालेभाजी संपवायची, मग भेंडी-गवार-वांगी, शेवटी कोबी, भोपळा, सुरण. शिजवलेला भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका.

१७. आम्ही परदेशात आहोत, चाकवत-अंबाडी मिळत नाही.

शेपू तुमच्याकडे डिल नावानं कुठल्याही सुपरमार्केटात असतो, फक्त जुड्या इवल्याशा, तीन-चार घ्या. ताकातल्या भाजीला पालक किंवा स्विस चार्ड छान होतं. बीट आणि मुळा पाल्यासकट मिळाले तर पाला पीठ पेरून करा. उन्हाळ्यात तिथल्या शेतकरी बाजारात कोवळं झुकिनी मिळतं, त्याची दुधीसारखी डाळ घालून भाजी होते. बाकी प्रश्न १ तिथेही तसाच लागू, समोर जे ताजं दिसतं ते घ्या, इंडियन स्टोअरमधली थकलेली गवार घेऊ नका.

१८. दुधी चिरला आणि कडू निघाला. उकडून, गूळ घालून चालेल का?

नाही. हे कृपया नीट वाचा. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि ती शिजवून जात नाहीत, गुळानं फक्त चव झाकली जाते. त्यानं उलट्या, जुलाब, पोटात कळा, उलटीतून रक्त, रक्तदाब एकदम खाली जाणं असं होऊ शकतं, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. म्हणून चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेवा, कडू लागला तर लगेच थुंकून टाका, तोंड धुवा आणि अख्खा दुधी टाकून द्या. हेच दोडका, घोसाळं आणि काकडीलाही, देठाकडे किंचित कडवट असेल तर तेवढा भाग कापून उरलेलं चाखून बघा, सगळीच कडू असेल तर टाका. कारलं यात येत नाही, त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा. चुकून खाल्लं गेलं आणि उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. त्या रात्रीच्या जेवणाला प्रश्न ६ मधलं पिठलं करा.